फिरत्या घराला उभं राहायला जागा हवी

मोटरहोमच्या जाहिरातीत गाडी नेहमी चालताना दिसते. मोकळा वळणाचा रस्ता, बाजूला तळं, लख्ख ऊन आणि काचेतून बाहेर बघणारी हसरी मुलं. या गाड्यांचं काम करणाऱ्याच्या वाट्याला मात्र मुख्यतः उभी गाडी येते. सहलीच्या चोवीस तासांत गाडी फार तर पाच-सहा तास रस्त्यावर असते. उरलेल्या वेळात तिच्यात माणसं जेवतात, झोपतात, आंघोळ करतात, भांडी घासतात. पाऊस लागला की हे चालण्याचे तासही आटतात आणि दिवसभर गाडी एका जागी थांबते. म्हणून पावसाळी सहल चांगली झाली की फसली, हे इंजिनापेक्षा ती गाडी कुठे उभी होती यावरून ठरतं. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या परिसरात, हे फार स्पष्ट दिसतं. आपल्याकडे अशा गाड्या आल्या, त्यांच्यासाठी सरकारी धोरण आलं, रस्तेही रुंद होत आहेत. गाडीला धड उभं राहता येईल अशी जागा तेवढी कुणी केली नाही. ती होईपर्यंत पावसाळ्यातलं कॅराव्हॅन पर्यटन बोलण्यापुरतंच राहील, असं माझं मत या गाड्यांचं काम करताना बनलं आहे.

कशेळे हे गाव अशा जागेसाठी का विचारात घ्यावं, हे नकाशाच सांगतो. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली हा रस्ता आता ५४८अ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे आणि कशेळे त्यावर कर्जत-मुरबाडच्या दरम्यान येतं. इथून आत वळलं की खांडस लागतं, जिथून गणेश घाटाने किंवा शिडी घाटाने लोक भीमाशंकर चढतात. दुसरीकडे आंबिवली आणि तिच्या डोक्यावर पेठचा किल्ला म्हणजे कोथळीगड. जामरुंगच्या बाजूला सोलनपाड्याचं धरण. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडून सकाळी निघालेला माणूस जेवणाच्या आधी इथे पोचतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सह्याद्रीच्या पायथ्याचा हा पट्टा तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस झेलतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत लोकांना इथे यायचं असतं. पण त्याच दिवसांत अपघात टाळण्यासाठी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या धबधब्यांवर, धरणांवर बंदीचे आदेश निघतात. परिणामी शनिवारी निघालेलं कुटुंब पोलिसांच्या बॅरिकेडपाशी येऊन थांबतं. मोटारवाल्यांना परत फिरायचं असतं. फिरतं घर घेऊन आलेल्यांना मात्र परत फिरायची घाई नसते, कारण त्यांनी मुक्काम बरोबरच आणलेला असतो. तो टाकायचा कुठे, हा त्यांचा प्रश्न, आणि त्याला आज तालुक्यात उत्तर नाही.

मराठी कुटुंबं न्यूझीलंडला, ऑस्ट्रेलियाला किंवा युरोपात मोटरहोम भाड्याने घेतात आणि परतल्यावर सांगतात की पाऊस लागला तरी मजा आली. त्या मजेचं श्रेय बहुतेक वेळा गाडीला दिलं जातं. तिथे पाऊस कमी असतो असंही नाही. न्यूझीलंडच्या मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथला रस्ता पुराने उखडला आणि पर्यटक अडकून पडले. फरक जागेचा आहे. तिथल्या संवर्धन खात्याच्या साध्यात साध्या तळावरही सपाट जमीन, शौचालय आणि बहुधा पाणी असतं. फ्रान्समधल्या हजारो गावांनी मोटरहोमसाठी थांबे केले आहेत: चौकाजवळ पाच-दहा गाड्यांची जागा, एक नळ, सांडपाणी ओतायची जाळी. गावाचा फायदा एवढाच की सकाळी पाव, चीज आणि भाजी गावातूनच घेतली जाते. जर्मनीत असेच थांबे आहेत. शिवाय दमलेल्या चालकाने पुन्हा गाडी चालवण्याजोगं होण्यासाठी एक रात्र पार्किंगच्या जागेत काढली, तर तिथला कायदा ती मान्य करतो. आणि जिथे थांब्यांची ही शिस्त मोडली तिथे नियम कडक झाले. न्यूझीलंडने २०११ मध्ये उघड्यावरच्या मुक्कामाचा कायदा केला आणि २०२३ मध्ये तो आवळला. आता स्वयंपूर्ण गाडीचं प्रमाणपत्र हवं असेल तर शौचालय गाडीत पक्कं बसवलेलं लागतं. आइसलँडमध्ये तळ सोडून इतरत्र गाडीत रात्र काढायला मनाई आहे. म्हणजे तिकडची मोकळीक दिसते तेवढी मोकळी नाही. तिच्याखाली नळ, जाळी आणि कायदा आहे.

उभं राहणं म्हणजे नेमकं काय, हे गाडीच्या आतून बघावं लागतं. आंघोळीचं पाणी मोरीच्या जाळीकडे वाहायचं तर गाडी सपाटीवर असावी लागते; दोन बोटांचा उतार चुकीच्या बाजूला आला की पाणी पलंगाकडे येतं. पावसात छपराचाही विचार करावा लागतो. गाडी अशी लावायची की छपरावरचं पाणी दाराच्या विरुद्ध बाजूने उतरेल, नाहीतर दार उघडलं की धार डोक्यावर. बाहेर ओढायच्या कापडी छताचा एक पाय खाली ठेवायचा. दोन्ही सारखे ठेवले तर मधे पाण्याचा फुगा होतो आणि त्याच्या वजनाने दांड्या वाकतात. झाडाखाली लावू नये हे नवख्याला पटत नाही, पण पाऊस थांबल्यावरही झाड तासभर टपटपत राहतं आणि वाऱ्यात फांदी येते ती वेगळीच. मग टाक्या. मध्यम गाडीत शंभर-सव्वाशे लिटर चांगलं पाणी असतं. चार माणसांनी घरच्यासारखी आंघोळ केली तर ते दुसऱ्या दिवशी संपतं. तेवढंच सांडपाणी खालच्या टाकीत जमा होतं. शौचालयाची बाहेर काढायची टाकी साधारण वीस लिटरची, आणि दिवसभर सगळे आतच असले की ती कल्पनेपेक्षा लवकर भरते. उन्हात फिरताना माणसं ढाब्यावर, पंपावर, देवळाच्या आवारात सोय बघून घेतात. पावसात कुणी बाहेर पडत नाही, म्हणून पावसाचा एक दिवस या टाक्यांवर कोरड्या दोन दिवसांचा भार टाकतो.

आता हीच गाडी कशेळ्याच्या जमिनीवर आणून बघा. पावसाळ्यात इथली सपाट जमीन म्हणजे भाताची खाचरं. जुलैत चिखलणी होऊन लावणी चाललेली असते. बांधावरून माणूस जपून चालतो, तिथे तीन-चार टनांची गाडी जाणार कशी? पडीक माळ दिसायला घट्ट असतो, पण वरचा थर भिजला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. उरतं काय, तर पेट्रोल पंप, ढाब्याचं अंगण, एखाद्या मंगल कार्यालयाचं पटांगण किंवा रस्त्याची कड. पंपवाला रात्रभर उभं राहू देतो, पण घाण टाकी तिथे रिकामी करता येत नाही आणि करूही नये. रस्त्याची कड महामार्गावर धोक्याची. अशा वेळी जे घडतं ते आम्हा काम करणाऱ्यांना माहीत असतं आणि ते बोलून दाखवलं पाहिजे: सांडपाण्याची तोटी अंधारात गटारावर सोडली जाते. भांड्यांचं पाणी आहे, पावसात वाहून जाईल, असं म्हणून लोक मनाची समजूत घालतात. पण या भागातलं पाणी शेवटी उल्हास नदीला मिळतं आणि खालच्या शहरांची तहान त्याच नदीवर भागते. पर्यटकाला दोष देणं सोपं आहे. योग्य ठिकाणी ओतायची जागाच नसेल तर तो दोष सगळा त्याचा राहत नाही.

काही जण म्हणतील, आपला पाऊस वेगळा, आपल्या हवेत ही गाडीच चालायची नाही. या आक्षेपात तथ्य आहे. युरोपातला पाऊस थंड असतो; गॅसचा हीटर तासभर लावला की आतली हवा कोरडी होते, कपडे वाळतात. कोकणपट्टीतला पाऊस कोमट आणि दमट. बंद गाडीत चार माणसांचा श्वास, कुकरची वाफ आणि ओले रेनकोट एकत्र आले की काचा आतून घामेजतात आणि दोन दिवसांत गाद्यांना वास येतो, कप्प्यात बुरशी धरते. इथे कोरडेपणा मिळवायचा तर एसी लागतो आणि एसीला वीज लागते. गाडीतली बारा व्होल्टची शंभर अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरली तर तिच्यात १.२ युनिट वीज असते; एक टनाचा एसी तासाला जवळपास एक युनिट ओढतो. छपरावरचं सोलर पॅनेल ढगाळ दिवसात दिवे आणि पंख्यापुरतंच. म्हणजे बाहेरून वीज घेतल्याशिवाय रात्र निघत नाही, आणि जनरेटर लावला तर शेजारच्या पाड्याची झोप जाते. पण याचा निष्कर्ष ‘गाडी नकोच’ असा निघत नाही. विजेचा एक मजबूत, उंचावर बसवलेला, अर्थिंग नीट केलेला पॉइंट लागतो, एवढाच निघतो. हवा जितकी प्रतिकूल, तितकी थांब्याची गरज मोठी.

आणखी एक फरक आहे, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. परदेशात गाडी नवरा-बायकोपैकी कुणीतरी चालवतं आणि रात्री त्याच गाडीत झोपतं. आपल्याकडे कॅराव्हॅन बहुधा ड्रायव्हरसकट भाड्याने मिळते. कुटुंबाने पडदा ओढून घेतला की तो माणूस कुठे जातो? कोरड्या दिवसांत बाहेर खाट टाकता येते, ढाब्यावर आडवं होता येतं. पावसात तो स्टिअरिंगमागे सीट मागे करून पाय दुमडून पडतो, आणि नैसर्गिक विधीसाठी पहाटेच्या अंधाराची वाट बघतो, कारण मागचं शौचालय त्याच्यासाठी नाही असं सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी याच माणसाने धुक्यात, पाण्याने भरलेल्या खड्ड्यांतून, समोरून येणाऱ्या एसटीला जागा देत गाडी न्यायची असते. माणुसकीची गोष्ट बाजूला ठेवली तरी मागे बसलेल्या मुलांच्या जिवाच्या दृष्टीने हे परवडणारं नाही. म्हणून थांब्याच्या आराखड्यात पहिली रेघ ड्रायव्हरच्या कोरड्या खोलीची असावी: दोन-चार खाटा, पंखा, शौचालय, दोरीवर कपडे वाळत घालायला जागा. परदेशी नमुना जसाच्या तसा उचलला तर ही खोली आराखड्यात येणारच नाही, कारण तिकडे तिची गरज नाही.

सगळ्यात मोठा आक्षेप नैतिक आहे आणि तो टाळून चालणार नाही. कर्जतच्या काही आदिवासी वाड्यांना एप्रिल-मेमध्ये पाण्याचा टँकर लागतो. तिथे श्रीमंतांच्या फिरत्या घरांसाठी नळ आणि वीज कशाला? थांबा फक्त त्या गाड्यांसाठी असेल तर हा आक्षेप पूर्ण खरा आहे. पण तो तसा असण्याचं कारण नाही. श्रावणात भीमाशंकरला चढणारे भाविक याच वाटेने जातात. कंटोळी, कुर्डू, टाकळा, भारंगी घेऊन ठाकर आणि कातकरी बाया नाक्यावर पावसात बसतात, एसटीची वाट बघणारे असतातच. या सगळ्यांना छप्पर आणि स्वच्छ शौचालय लागतं. सार्वजनिक शौचालयं आपल्याकडे बांधली जातात भरपूर. ती मरतात देखभालीअभावी. रात्रीच्या मुक्कामाचं भाडं देणारे ग्राहक असतील तर त्या भाड्यातून झाडूवाल्याचा पगार आणि मैला उपसायचा खर्च निघू शकतो. चालवायला बचत गट, मालकी ग्रामपंचायतीची, नळ आणि शौचालय सगळ्यांना खुलं. पावसाळ्यात इथे पाण्याचा तुटवडा नसतो. तुटवडा स्वच्छतेचा असतो. आणि मुक्कामी माणूस धबधब्यावरून तासाभरात पळणाऱ्यापेक्षा वेगळा वागतो. त्याला संध्याकाळी दूध लागतं, सकाळी तांदळाची भाकरी आणि रानभाजी, कदाचित पाऊस ओसरल्यावर पेठच्या किल्ल्याला घेऊन जाणारा वाटाड्या. गावात पैसे राहायचे तर माणूस आधी गावात थांबायला हवा.

धोक्याचा आक्षेप त्याहून गंभीर. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. ३० जुलै २०१४ ला डोंगराच्या पलीकडे, भीमाशंकरच्या घाटमाथ्यामागच्या आंबेगाव तालुक्यात, माळीण गाडलं गेलं. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराच्या आसपास प्रवाशांसह अडकली. ज्या खोऱ्यात आगगाडी अडकते तिथे चाकांवरची घरं बोलवायची का? माझं उत्तर असं की बोलवलं नाही तरी ती येतात, आणि जागा नसल्यामुळे चुकीच्या ठिकाणी उभी राहतात. पाहुण्याला डोंगराच्या कुशीतली हिरवळ आणि नदीकाठची वाळू सगळ्यात सुंदर वाटते. त्या दोन्ही जागा पावसात सगळ्यात वाईट. बंदीचा आदेश कुठे जाऊ नये हे सांगतो, कुठे थांबावं हे सांगत नाही. ते सांगणारी, भूवैज्ञानिकांनी तपासलेली, उतारापासून आणि पूररेषेपासून लांब असलेली, महामार्गाला लागून असलेली एक ठरलेली जागा असेल, तर तहसीलदाराला रेड अलर्टच्या दिवशी ती बंद ठेवता येते, आलेल्यांची नोंद असते, रात्री उठवायचं झालं तर कुणाला उठवायचं ते माहीत असतं. विखुरलेल्या गाड्यांच्या बाबतीत यातलं काहीच करता येत नाही. जवळच कशेळ्याचं ग्रामीण रुग्णालय आहे, हाही नाक्याजवळची जागा निवडायला एक आधार. अतिवृष्टीच्या इशाऱ्यात सहल रद्द करावी, याबद्दल मात्र वाद नको; थांबा हा धोका पत्करायचा परवाना नव्हे.

रिसॉर्ट आणि फार्महाउस एवढी असताना वेगळा थांबा कशाला, असंही विचारलं जातं. रिसॉर्ट खोली विकतं. आपली खोली बरोबर घेऊन आलेला माणूस त्याला गिऱ्हाईक वाटत नाही, आणि वाटलाच तर पूर्ण खोलीचे पैसे मागितले जातात. यापेक्षा जवळचा मार्ग शेतकऱ्याच्या अंगणातून जातो. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं, कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चं. कागदावर ही दोन धोरणं वेगळी आहेत, जमिनीवर ती एकाच शेतात यायला हवीत: ज्याचं कृषी पर्यटन केंद्र आधीच नोंदलेलं आहे त्याने दोन गाड्यांपुरता मुरमाचा ओटा आणि एक शोषखड्डा करावा. केरळनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन योजना आणली आणि तिच्यात गाडीबरोबर पार्कवर भर दिला. गाड्यांना जागा करून देण्याचा अनुभव आपल्या तालुक्यांतही आहे, फक्त तो पर्यटनाच्या खात्यात धरला जात नाही. कर्जत-खालापूर पट्ट्यात चित्रीकरणं नेहमीची. कला दिग्दर्शक नितीन देसाईंनी २००५ मध्ये उभारलेला स्टुडिओ चौक गावाच्या बाजूला आहे. सेटवर व्हॅनिटी व्हॅन येण्याआधी कुणीतरी जमीन बघतं, खडी टाकून घेतं, पाण्याचा टँकर आणि जनरेटर ठरवतं, सांडपाण्याची सोय बघतं. हे काम करणारी पोरं याच गावांतली आहेत. थांबा चालवायला परदेशातून तज्ज्ञ आणायची गरज नाही.

म्हणून मागणी छोटी आणि मोजता येण्यासारखी ठेवावी. नाक्याजवळ दहा-बारा गुंठे, मुरूम आणि खडीची एका बाजूला उतरती भर, चार गाड्यांना विजेचे पॉइंट, एक नळ, सांडपाण्याला शोषखड्डा आणि शौचालयाच्या टाकीला वेगळा सेप्टिक टँक, कारण ही दोन पाणी एकत्र केली की शोषखड्डा महिन्यात तुंबतो. वर पत्र्याची मोठी शेड, ड्रायव्हरची खोली आणि भाड्याचा फलक. एवढ्यावर एक पावसाळा काढून बघावा. गाड्या थोड्याच येतील, त्यांच्याने धबधब्यावरची गर्दी कमी होईल असा दावा मी करत नाही. पण गाड्या आल्या तर त्यांचं पाणी कुठे गेलं आणि त्यांचा ड्रायव्हर कुठे झोपला याचं उत्तर गावाकडे असेल. आणि एकही गाडी आली नाही, तरी श्रावणातला भाविक, रानभाजीवाली आणि एसटीचा प्रवासी त्या शेडखाली उभे राहतीलच. ज्या खर्चाचा सगळ्यात वाईट निकालसुद्धा गावाच्या उपयोगाचा आहे, तो करायला धोरणाच्या पुढच्या आवृत्तीची वाट बघायचं कारण नाही.